गुटगुटीत बाळाची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. ढाल म्हटले की तुम्हाला तलवार आठवेल, पण मी एकही लढाई पाहिलेली नाही. मी बक्षिसाची ढाल, आणि तीही फिरती. माझी पाठ शिसवी लाकडाची आहे, अंगावर जाड पितळेचा पत्रा आहे आणि मधोमध एक रांगणारे बाळ आहे. बाळाच्या दंडांना वळ्या पडल्या आहेत आणि गाल इतके वर आलेत की डोळे शोधावे लागतात. हल्ली मी इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या मंडळाच्या सभागृहात खिळ्यावर असते. येणारा जाणारा विचारतो की बाळ एवढे लठ्ठ, आणि भोवतीच्या पट्ट्यांवर धावणाऱ्या मुलांची नावे, हे कसे काय? हा प्रश्न मला आवडतो. खरे सांगायचे तर मला बोलायलाच आवडते.

माझा जन्म कसेरा बाजारातला, म्हणजे तांब्यापितळेची कामे करणाऱ्या कसेऱ्यांच्या गल्लीतला. तेव्हा नवे मध्य प्रदेश राज्य नुकतेच झाले होते आणि राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरकर घुश्शात होते. आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते जयसिंगराव. होळकरांच्या रिसाल्यात घोडदळात नोकरी करून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. सगळी आळी त्यांना भाऊसाहेब म्हणायची. राजधानी गेली तर जाऊ द्या, आपण असे काही करू की भोपाळवाल्यांनी पाहत राहावे, असे ते म्हणाले. आणि त्यांनी काढली ती सुदृढ बालक स्पर्धा. दर संक्रांतीला, पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये, वयाच्या मानाने ज्याचे वजन सगळ्यांत जास्त त्याला ढाल. तीन वर्षे ओळीने जिंकली तर ढाल कायमची त्या घरची. त्यासाठी भाऊसाहेबांनी पदरमोड करून मला घडवून घेतले. बाळाचा नमुना म्हणून कसेऱ्याने शेजारच्या हलवायाचा मुलगा समोर बसवला होता. तो एका हातात जिलबी धरूनच बसला होता, पण जिलबी कसेऱ्याने पितळेत उतरवली नाही.

मित्रांनो, त्या काळच्या लोकांना हसू नका. घरोघरी मुले हिवतापाने, अतिसाराने जात होती. ज्याचे मूल बाळसेदार तो नशीबवान, असा साधा हिशेब होता. स्पर्धेच्या दिवशी आडतीवरून धान्याचा मोठा तराजू यायचा. एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात लोखंडी वजने. आयाही काही कमी नव्हत्या. कुणी पायात चांदीचे तोडे चढवायची, कुणी कमरेला जाड साखळी बांधायची, आणि दूध-केळे तर तराजूच्या रांगेत उभ्या उभ्या भरवायच्या. शेवटी भाऊसाहेबांनी हुकूम काढला की मुले उघडी तोलली जातील. मग काय, संक्रांतीच्या थंडीत त्या पारड्यात असा आकांत व्हायचा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गिल्ली-डंडा खेळणारी माणसे खेळ थांबवून पाहायला यायची. माळव्यात संक्रांतीला म्हातारेकोतारेसुद्धा गिल्ली-डंडा खेळतात, तुमचा विटीदांडूच तो.

पहिल्या वर्षी मला जिंकले मंजिरीने. दुसऱ्या वर्षी मंजिरीने. तिसऱ्या वर्षी ती पारड्यात बसली तेव्हा तराजूवाला वजन टाकण्याआधीच हसला. अशी मी तिच्या घरची झाले, कायमची.

मंजिरीचे वडील दिनानाथ कापडगिरणीत कारकून होते. आई शालिनी. त्या घरात माझी जी सरबराई झाली ती कुठल्या देवाचीही झाली नसेल. शालिनी मला रोज फडक्याने पुसायची आणि सणावाराला चिंच लावून उजळायची. पण मला पुसताना तिचा हात बाळाच्या गालावर थोडा जास्त वेळ थांबायचा. त्याचे कारण मला हळूहळू कळले. मंजिरीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, अच्युत नावाचा. तो वाळत वाळत गेला. दोन वर्षांचाही झाला नव्हता. शेवटच्या दिवसांत तो नुसता धापा टाकायचा आणि शालिनी त्याला मांडीवर घेऊन तो आवाज ऐकत बसायची. म्हणून मंजिरीच्या अंगावर मांस चढले तसा शालिनीच्या जिवात जीव आला. माझ्यावरचे बाळ तिच्यासाठी देवाची पावती होते. हे समजल्यापासून मी तिच्यावर कधी चिडले नाही, आणि तुम्हीही चिडू नका.

मंजिरी आठ वर्षांची झाली. सकाळी पोहे, त्यावर मूठभर शेव, बरोबर द्रोणातून आणलेली जिलबी. दुपारी तूप-साखर-पोळी. संध्याकाळी शाळेतून आली की पुन्हा शेव, कारण मुलगी दमलेली असायची. आणि ती खरेच दमलेली असायची. शाळेचा जिना चढून वर्गात पोहोचेपर्यंत पहिली प्रार्थना संपलेली असे. आळीतली मुले तिला पाहून ओरडायची, "ढाल आली, ढाल आली." ती कुणाशी खेळत नसे. खिडकीशी बसून खेळ बघायची. एके दिवशी ती स्टुलावर चढली, मला उलटे करून तोंड भिंतीकडे फिरवले आणि खाली उतरून रडली. शालिनीने संध्याकाळी मला पुन्हा सुलटे केले. दुसऱ्या दिवशी मंजिरीने पुन्हा उलटे. असा आमच्या घरचा पाठशिवणीचा खेळ कित्येक महिने चालला. मला भिंतीचा पापुद्रा पाहण्याची सवय झाली. एवढ्या तोऱ्यात राहिलेल्या ढालीला हे सोपे नव्हते, पण त्या पोरीच्या मनात काय चालले आहे ते मला कळत होते.

त्याच सुमारास अरुंधतीबाई आळीत राहायला आल्या. ग्वाल्हेरहून खेळाचे शिक्षण घेऊन आलेल्या, मुलींच्या शाळेत कवायत शिकवणाऱ्या, बोलायला सरळसोट. त्यांनी मंडळाच्या मैदानावर संध्याकाळचा बालवर्ग सुरू केला. लंगडी, खो-खो, लेझीम, आणि सितोलिया, म्हणजे तुमची लगोरी. खेळ संपला की प्रत्येक मुलाच्या ओंजळीत मोड आलेले मूग किंवा भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. हा खाऊ आळीतल्या घरांनी पाळीपाळीने द्यायचा, असे त्यांचे म्हणणे होते. भाऊसाहेबांनी मैदान दिले, पण मनातून त्यांना तो पोरखेळ वाटायचा. आणि खात्यापित्या घरची मुले तर तिकडे फिरकतच नव्हती.

अरुंधतीबाई एकदा आमच्या घरी आल्या आणि मंजिरीला वर्गाला पाठवा म्हणाल्या. मुलीला धाप लागते, हे आत्ताच सांभाळले नाही तर पुढे गुडघे आणि काळीज दोन्ही कुरकुरतील, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. शालिनीने त्यांना चहा दिला, माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली,

"बाई, माझी मुलगी तीन बार पहिली आली आहे. तिला नजर नका लावू. एक मूल मी सूखताना बघितलं आहे, दुसरं नाही बघणार."

अरुंधतीबाईंनी चहा संपवला. कप विसळून ठेवला आणि गेल्या.

मग संक्रांत आली. मंडळाने त्या वर्षी जुन्या विजेत्यांचा सत्कार ठरवला आणि ढाल सभागृहात मांडण्यासाठी पाठवा, असा निरोप आला. दिनानाथ गिरणीत गेलेले. शालिनीच्या दोन्ही हातांत तिळगुळाचे डबे. मंजिरी म्हणाली, "मी नेते." तिला कारण होते, मी एकदाची घराबाहेर जाणार होते. तिने मला छातीशी कवटाळले आणि निघाली.

मित्रांनो, मी वजनाला हलकी नाही. पण आठ वर्षांच्या मुलीने मला आळीच्या टोकापर्यंत नेणे काही अशक्य नव्हते. मंजिरी आळीच्या मध्यापर्यंतही पोहोचली नाही. एका घराच्या दगडी पायरीवर तिने मला टेकवले आणि स्वतः बसली. चेहरा लालबुंद, ओठ उघडे. तिची छाती माझ्या पत्र्यावर वरखाली होत होती.

"आई, मी थोडी देर बसते ना. मग जाऊ."

शालिनी थांबली. मान थोडी कलती करून ऐकत राहिली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. छोट्या छोट्या, तुटक धापा. तिने तो अच्युतला मांडीवर घेऊन ऐकला होता. एक मूल वाळून गेले होते आणि हे मूल असे गरगरीत होते, तरी आवाज तोच. शालिनीने डबे खाली ठेवले आणि मंजिरीच्या पाठीवर हात ठेवला. मी दोघींच्या मधे होते, म्हणून मला कळले. ती इतकी घाबरली होती की मला पहिल्यांदाच वाटले, ही बाई मला पुन्हा भिंतीवर लावणार नाही.

सभागृहात भाऊसाहेब फेटा बांधून बसले होते. शालिनीने मला मंजिरीच्या हातातून घेतले आणि सरळ त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवले. सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. ती म्हणाली, ही परत घ्या.

भाऊसाहेबांचा चेहरा बदलला. दिलेली वस्तू परत घेण्याची रीत आमच्या घराण्यात नाही, असे ते कोरडेपणाने म्हणाले. दारात अरुंधतीबाई उभ्या होत्या. मग शालिनीने भाऊसाहेबांना एक प्रश्न विचारला. भाऊसाहेबांच्या घोड्यांच्या गोष्टी आळीतल्या प्रत्येकाने ऐकल्या होत्या, तिनेही.

"भाऊसाहेब, रिसाल्यात तुम्ही घोडे तराजूवर तोलून घेत होतात का?"

कुणीतरी हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्यावरच्या बाळाकडे पाहिले. मग त्यांनी मंजिरीला जवळ बोलावले. ती अजून धापा टाकत होती. त्यांनी तिच्या पाठीवर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि तसेच बसले.

"नाही, सूनबाई," ते म्हणाले. "घोडा आधी पळवायचा. परत आला की कुशीवर हात ठेवायचा. श्वास जागेवर किती लवकर येतो, तेवढंच बघायचं. चरबी चढलेला घोडा दिसायला फार सुंदर असतो. आम्ही तो कधी घेतला नाही."

एवढे बोलून ते उठले आणि आत गेले. मला वाटले संपले. पण थोड्या वेळाने फेटा काढून, साधी टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले की पुढच्या संक्रांतीला तराजू येणार नाही. पाच वर्षांची अटही नाही, सगळी मुले मैदानाला चक्कर मारतील आणि भाऊसाहेब प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवतील. आज एकदा ठेवतील आणि वर्षाने पुन्हा ठेवतील. ज्याचा श्वास वर्षभरात सगळ्यांत जास्त सुधारला, ढाल त्याची. आणि ढाल कायमची कुणाचीच नाही. अरुंधतीबाईंनी फक्त मान हलवली, पण मी पाहिले, त्यांनी डोळ्याला पदर लावला.

त्या दिवसापासून मी सभागृहाच्या खिडकीत राहू लागले, तोंड मैदानाकडे. त्यामुळे पुढचे वर्ष मी डोळ्यांनी पाहिले.

पहिल्या दिवशी मंजिरी कडेला उभी राहिली. धावायला सांगितले तर तिचे पाय उचलेनात, सगळे हसतील ही भीती. अरुंधतीबाईंनी तिला धावायला सांगितलेच नाही. हातात डंडा दिला. मंजिरीने गिल्ली उडवली आणि असा टोला हाणला की गिल्ली मैदान ओलांडून शेजारच्या कौलांवर गेली. मुले आ वासून बघत राहिली. तिच्या दंडात ताकद होतीच, ती कधी कुणी वापरू दिली नव्हती. अरुंधतीबाई म्हणाल्या, शाब्बास, आता आपल्या वर्गाचा नियम असा की ज्याने मारली त्याने आणायची. मित्रांनो, यातली गंमत ओळखा. सगळ्यांत लांब मंजिरीची गिल्ली जायची, म्हणून सगळ्यांत जास्त चालायचीही मंजिरीच. तिला हे कळायला पावसाळा उजाडला. तोवर ती चालायची सोडून पळायला लागली होती.

शालिनीने मुगाचे काम अंगावर घेतले. आळीतल्या बायकांना तिने पाळ्या लावून दिल्या. कुणी मटकी आणायची, कुणी गाजरे, जामफळांच्या, म्हणजे तुमच्या पेरूंच्या दिवसांत टोपलीभर जामफळे. जिलबी बंद झाली नाही, इंदुरात ती बंद होणारही नाही. ती रविवारी सकाळी मैदानावर खेळ झाल्यावर यायची आणि सगळ्यांना एकेकच मिळायची. मंजिरीचे गाल उतरू लागले तसा शालिनीचा धीर मधेच सुटला. एका दुपारी तिने घाबरून तुपात थबथबलेला शिरा केला आणि वाडगाभर मंजिरीपुढे ठेवला. मंजिरीने चार घास खाल्ले आणि वाडगा उचलून मैदानावर आणला. तो शिरा माझ्या खिडकीखाली सगळ्यांनी वाटून खाल्ला. शालिनी मागोमाग आली होती. तिने पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूगच आणले.

संक्रांत आली. या वेळी आळी लोटली होती. मुले एकेक चक्कर मारून येत आणि भाऊसाहेब गुडघ्यावर बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवत. मंजिरी पूर्ण चक्कर धावली. पहिली आली नाही, मधलीसुद्धा नाही. पण थांबली नाही. भाऊसाहेबांनी हात ठेवला, उचलला आणि म्हणाले, "आला जागेवर." शालिनीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. तिने स्वतः मुलीच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली.

ढाल मात्र मंजिरीला मिळाली नाही. ती मिळाली रमाला. गिरणीच्या चाळीतल्या द्वारकाबाईंची ही मुलगी, काडीसारखी, वर्षापूर्वी चार पावले पळाली तरी खोकत बसायची. मूग तिच्याही अंगी लागले होते. मंजिरीला अंग उतरवायचे होते, रमाला भरायचे होते, आणि दोघी एकाच ओंजळीतून आणि एकाच मैदानावर सुधारल्या. माझ्या मते त्या वर्षीचा निकाल अगदी बरोबर होता.

भाऊसाहेबांनी नवी रीत घातली. जुन्या विजेत्याने ढाल नव्या विजेत्याच्या घरी पायी पोहोचवायची. म्हणून मंजिरीने मला पुन्हा छातीशी धरले. रमाचे घर नदीच्या पुलापलीकडे, मंजिरीच्या घरापेक्षा कितीतरी लांब. रमा पुढे उड्या मारत, मधे मी आणि मंजिरी, मागे शालिनी. ती दगडी पायरी आली. शालिनी सवयीने थांबली आणि मला घ्यायला हात पुढे केले. पण मंजिरी पुढे निघून गेली होती. तिने वळून पाहिले.

"आई, चल ना."

शालिनी चालू लागली. पुलावर पोहोचेपर्यंत ती मंजिरीचा श्वास ऐकत होती. धाप तर तिला स्वतःलाच लागली होती.

मित्रांनो, त्यानंतर मी खूप घरे पाहिली. माझ्यावरच्या पट्ट्या वाढत गेल्या. मंडळ राजेंद्र नगरात आले, मैदान आक्रसले, मधली काही वर्षे मला कुणी खिळ्यावरून उतरवलेही नाही. आता पुन्हा वर्ग भरतो, मोड आलेले मूग पुन्हा डब्यांतून येतात. पितळेचे बाळ अजून तसेच गुटगुटीत आहे. त्याला पुसून टाकू नका, ते एका आईच्या भीतीचे बाळ आहे. मला चिंच लावून चकचकीत केलेत तर मी खूशच होईन. पण त्याहून एक करा. मला खाली उतरवा, छातीशी धरा आणि जिंकलेल्याच्या घरापर्यंत पायी न्या. मी जड आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. टेकायला पायऱ्या वाटेत पुष्कळ लागतील.